ओढणारी चाकं
नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी आणि माझे मेहुणे जळगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं धुळ्याला निघालो. एक जुनी परदेशी गाडी पाहायची होती. मेहुणे डॉक्टर होते. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात त्यांचा दवाखाना होता. गावाला लागून नदी, नदीवर बुटका फरशी पूल, आणि निम्म्याहून जास्त पेशंट फरशीच्या पलीकडच्या पाड्यांवर. पावसाळ्यात फरशी पाण्याखाली जाई. पाणी गुडघाभर असलं तरी खालचा गाळ आणि पलीकडचा चढ यांमुळे साधी जीप जात नसे.

आदल्या पावसाळ्यात ते सलग नऊ दिवस पलीकडे जाऊ शकले नव्हते. त्या नऊ दिवसांविषयी ते बोलत नसत. माझ्या बहिणीनं त्यानंतर एकच अट घातली होती : जूनच्या आत नदी ओलांडणारी गाडी आली तर ठीक, नाही तर दवाखाना बंद करून सगळ्यांनी जळगावला यायचं. मुलांच्या शाळेचे अर्ज तिनं आणूनही ठेवले होते. मेहुण्यांनी अट मान्य केली होती. गाडी मिळणार, असं ते धरूनच चालले होते.

एरंडोलपर्यंत ते खिडकीशी बसले, मग माझ्या जागेवर आले, पारोळ्याला खाली उतरून चहा अर्धा टाकून परत आले.

"चार वाजता मालेगावचं गिऱ्हाईक येणार आहे," ते म्हणाले. "तुझे प्रश्न आटप लवकर."

प्रश्न मी लिहून आणले होते. तोवर वर्तमानपत्रात मला सात-आठ वर्षं झाली होती. समोरच्याला हो-नाहीत उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न तयार करण्याचा मला अभिमान होता. गाडीची पहिली चौकशीही मीच टेलिफोनवर केली होती. कागदपत्रं आहेत का, इंजिन तेल खातं का, अपघात झालाय का आणि चारही चाकं चालतात का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळत असेल तरच ती गाडी आमच्या कामाची. पलीकडून उत्तर आलं होतं, "बठ्ठी चालतस." मी वहीत 'चारही – होय' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

गाडी एका जिनिंगवाल्या शेठजींची होती. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांनी ती आणली होती. ते परत गेल्यावर ती दोन हात फिरून शेठजींकडे आली होती. आग्रा रोडवरून आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना रिक्षात घेतलं. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या मांडीवर हत्यारांची पिशवी आणि एक गोणपाट होतं.

"मी बोलेपर्यंत डॉक्टरसाहेबांनी गाडीला हात लावायचा नाही," चाचा म्हणाले. "गिऱ्हाईक सीटवर बसलं की शेठची अर्धी गाडी विकली जाते."

जिनिंगच्या आवारात, निंबाखाली गाडी उभी होती. गडद हिरवी, उंच, छपरावर जाळी. आत मखमली सीटा, एसीच्या जाळ्या आणि समोर एक गोल घड्याळ. त्यात वेळ नव्हती. गाडी कुठल्या बाजूला किती कलली ते त्यात दिसे. मेहुण्यांनी काचेतून ते पाहिलं आणि चाचांचं बोलणं विसरून सरळ आत जाऊन बसले.

चाचांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"आज मंगळवार," शेठजी म्हणाले. "सकाळी पूजा करतो ना आम्ही. चालू करून, नारळ फोडून."

"पूजेला पाच मिनिटं लागतात शेठ. ही तासभर चाललीय. थंड इंजिन एका दमात उठतं का ते पाहायचं होतं मला."

"तुम्ही काय मुलगी पाहायला आलात का? सकाळी उठते कशी, बसते कशी!"

"मुलगी पाहताना इतकं पाहत नाहीत. नंतर रडतात," चाचा म्हणाले.

शेठजी मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ताक मागवलं.

पुढचा तास चाचांनी एक एक गोष्ट काढली. तेलाचं झाकण उघडून आतला भाग बोटानं पुसला. साय धरल्यासारखं पांढरं काही नव्हतं, म्हणजे तेलात पाणी जात नव्हतं. दारांतलं कार्पेट उचललं. खाली गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली असते, असं त्यांनी मला समजावलं. रेघ नव्हती. टायर चांगले होते, पण त्या मापाचे धुळ्यात सोडा, नाशकातही मिळणार नव्हते. एसीच्या जाळ्यांमागे काहीच नव्हतं. इंजिन बदलताना कॉम्प्रेसर काढून टाकला होता.

इंजिन बदललेलं होतं हे तेव्हा कळलं. मूळ इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल परवडेना म्हणून शेठजींनी एका मोडीतल्या गाडीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. त्या काळी आमच्याकडे हे सर्रास चाले. मी आरसी बुक मागितलं. त्यात पेट्रोलच होतं, आणि इंजिनावर ठोकलेला नंबर बुकातल्या नंबराशी जुळत नव्हता. चासीचा नंबर मात्र जुळला.

"ते आरटीओत करून देऊ," शेठजी म्हणाले.

"केव्हा?" मी विचारलं.

"तुम्ही पेपरवाले, तुम्हाला आधी तारीख लागते."

मेहुणे अजून आतच होते. स्टिअरिंग धरून त्यांनी दोनदा मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग खाली उतरून माझ्या कानाशी आले. "इंजिन कुठलंही असू दे. नदी ओलांडते की नाही तेवढं बघ."

चाचा गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मग खालूनच विचारलं, "शेठ, पुढचा शाफ्ट कुठाय?"

मी वाकून पाहिलं. मधल्या छोट्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक जाड दांडा जात होता. पुढच्या बाजूला तसा दांडा हवा होता. तिथं मोकळी जागा होती आणि तोंडावर घट्ट बांधलेली फडक्याची चिंधी.

"फोनवर कोणी सांगितलं चारही चाकं चालतात म्हणून?" मी विचारलं.

शेठजींचा ड्रायव्हर निंबाला टेकून उभा होता. तो पुढे आला. फोन त्यानंच घेतला होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, माझ्याबद्दल थोडी कीव होती.

"भाऊ, तुम्हीन ईचारं, चालतस का. चालतसच ना! चालतस नही त गाडी कशी चाली? ओढतस का, हाई कोनी ईचारं नही."

शेठजी ओरडले, "गप रे!" चाचा गाडीखालून हसत बाहेर आले. आमच्याकडे जीपचे ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाले, सगळे असंच बोलत. मागची चाकं ओढतात, पुढची नुसती चालतात. बैलगाडीपासून आलेली भाषा असावी. मी याच जिल्ह्यात वाढलो होतो, पण प्रश्न शहरातल्या माणसासारखा विचारला होता. त्याचं उत्तर अक्षरशः खरं होतं.

शाफ्ट सरकीच्या गोदामात निघाला. डिझेल वाचावं म्हणून काढून ठेवला, असं शेठजींचं म्हणणं. मेहुण्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते स्वतः शाफ्टचं एक टोक धरून उन्हातून घेऊन आले. तो बसवायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी निंबाला इतक्या चकरा घातल्या की शेठजींनी विचारलं, "डॉक्टर, नवस बोललाय का?"

आम्ही गाडी पांझरेच्या पात्रात उतरवली. पाणी आटलेलं, एका कडेला ओला गाळ. ड्रायव्हरनं पुढची चाकं जोडणारी लहान दांडी मागे ओढली आणि गाडी गाळात घातली. पुढची चाकं फिरली, धरली, आणि नाक वर करून गाडी निघाली. मेहुणे आतून ओरडले, "ओढतंय!" समोरच्या त्या गोल घड्याळाचा काटा चांगलाच कलला.

समोरच्या चढावर मधूनच कडकड आवाज सुरू झाला. खडे भरडावेत तसा. दांडी आपोआप उडून पुढे गेली आणि गाडी घसरत गाळात येऊन थांबली. ड्रायव्हरनं पुन्हा दांडी ओढली. गाडी हातभर वर गेली, दांडी पुन्हा उडाली.

चाचांनी विचारलं, "हा आवाज पहिल्यापासून आहे ना? म्हणून काढला शाफ्ट?"

ड्रायव्हरनं शेठजींकडे पाहिलं. या वेळी शेठजींनीच मान हलवली.

"गिअरचे दात गेलेत आतले," चाचा मेहुण्यांना म्हणाले. "उघडल्याशिवाय किती ते सांगता येत नाही. सामान मुंबईतही मिळेल की नाही, माहीत नाही. दहा वेळा चढेल. अकराव्यांदा नाही चढणार. किंवा दुसऱ्यांदाच नाही."

"दहा वेळा खूप झालं," मेहुणे पटकन म्हणाले. "कसाबसा एक पावसाळा..."

ते थांबले. गाडीची मागची सीट पाहत होते. अडलेली बाई झोपवून न्यायला ती पुरेल का, हे त्यांनी सकाळी हाताच्या वितीनं मोजलं होतं.

"मध्यावर दांडी उडाली तर गाडी मागे येते," ते हळू म्हणाले. "पाण्यात."

"येते," चाचा म्हणाले.

"मग नको."

शेठजींनी भाव उतरवला. मेहुण्यांनी ऐकून घेतला नाही. चार वाजता मालेगावचं गिऱ्हाईक आलं. लग्नाच्या वरातींसाठी गाडी हवी असलेला माणूस होता. त्याला नदी ओलांडायची नव्हती. तो सरळ सीटवर जाऊन बसला.

परतीच्या बसमध्ये मेहुणे सकाळसारखे जागा बदलत नव्हते. गुडघा मात्र सारखा हलत होता. मला सात वाजता ऑफिसात पोचायचं होतं आणि बस पारोळ्याच्या पुढे पंक्चर झाली. रस्त्याच्या कडेला उभे असताना त्यांनी सांगितलं, "पलीकडच्या पाड्यावर शाळामास्तरांची एक खोली रिकामी आहे. जूनपासून मी तिथं राहतो. पाणी उतरेपर्यंत. अलीकडच्या लोकांना चोपड्याला जाता येतं."

"आणि ताई? मुलं?"

"जळगावला. तुझ्याकडे. अर्ज आणलेतच तिनं."

"चार महिने?"

"चार. कदाचित थोडे जास्त."

"हे तिला तुम्ही सांगणार ना?"

त्यांनी कंडक्टरकडे पाहिलं. तो चाक काढायला वाकला होता. मेहुणे बाह्या वर करून त्याच्या मदतीला गेले आणि वळून म्हणाले, "तू सांग. तुला व्यवस्थित सांगता येतं."

मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं चोपड्याला आणि तिथून त्यांच्या गावी गेलो. बहिणीनं सगळं ऐकलं, मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग शाळेचे अर्ज काढले, वडिलांच्या पत्त्याच्या रकान्यात जळगाव लिहिलं होतं ते खोडलं, आणि त्या पाड्याचं नाव नीट कसं लिहितात ते मला विचारलं.