वायकिंगांच्या होडीतला फोटो

"आधी फोन घ्या," हे शेजारच्या काकांचं ठरलेलं वाक्य. कुणाचाही फोन वाजला की काका त्याला दुसरं काही करू द्यायचे नाहीत. एकदा गणपतीच्या आरतीत माझा वाजला, तर त्यांनी माझ्या हातातली झांज काढून घेतली आणि मला अंगणात पिटाळलं. फोन क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा होता. "असू दे," काका म्हणाले, "घेतलास ना?"

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या खोडीला सगळे हसतात आणि कारण कुणी विचारत नाही. मी विचारलं तेही उशिराच.

काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. एकदा जहाज नॉर्वेच्या बंदरात थांबलं, तेव्हा ते सोबत्यांबरोबर वायकिंगांचं संग्रहालय बघायला गेले. वायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे तिकडचे दर्यावर्दी. तिथे काचेआडून बघायचं नव्हतं, सगळं हाताळायचं होतं. जात्यावर धान्य दळायचं, लोखंडी कड्यांचं चिलखत चढवायचं, लांबलचक होडीत बसून वल्हं मारायचं. चिलखत घालायचं म्हणून काकांनी फोन कपाटात ठेवला. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, जयगडला मासेमारी करायचे. त्यामुळे वल्हं हातात आल्यावर काका रंगात आले, सोबत्यांना एका तालात वल्हवायला लावलं. बघणारे टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी फोटो काढला, तो मागून काकांच्या फोनवर आला.

बाहेर येऊन बघतात तर घरून आलेले कितीतरी कॉल. उलट फोन केला, तेव्हा काकी म्हणाली, "दादा गेले. शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते."

तो फोटो काकांनी कधी पुसला नाही. मला दाखवताना लोखंडी टोपाखालच्या स्वतःच्या हसऱ्या तोंडावर त्यांनी बोट ठेवलं. "बाप हाका मारतोय आणि मुलगा बघ, खेळतोय."

मी समजूत घालायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला. वडिलांच्या श्राद्धाला सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे, स्वतः मात्र पानावर बसायचे नाहीत.

गेल्या वर्षी काका गेले. यंदा काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती, तिच्या मदतीला मी गेले. काकांना तो चुकलेला फोन फार लागला होता, असं मी सहज बोलून गेले.

"दादा आदल्या दिवसापासून शुद्धीवरच नव्हते गो," काकी म्हणाली. "कुणाचं नाव घेणार?"

माणूस गेल्यावर सांगतात तसं तिने सांगितलं होतं. लांबच्या माणसाला बरं वाटावं, एवढंच मनात. काकांनी ते उराशी धरलं हे कळलं, तेव्हा खरं सांगायची तिला भीती वाटली. दर श्राद्धाला ठरवायची, जेवणं झाली की सांगू. मग ते न जेवताच निघून जायचे आणि सांगायचं राहून जायचं.

"आता सांगेन म्हटलं तर ऐकायला कोण आहे?"

काकी वाकून एकेक आमसूल उलटत राहिली.