मामांनी पहाटे गायीचं दावं सोडलं

परवा सकाळी डबा घेऊन छावणीवर गेले आणि पायाखालची जमीनच सरकली. आमच्या खुंट्याला नुसतं दावं पडलेलं... गाय गायब.

पाटोद्याजवळच्या आमच्या गावात दुष्काळामुळे दूध संस्थेने चारा छावणी चालवली आहे. घरातलं एक माणूस जनावरापाशी मुक्कामाला असतं. आमच्याकडून मामा, म्हणजे माझे सासरे. गाय गाभण, दिवस भरत आलेले. बाहेर कुठे ना काडी ना पाणी... भरकटली तर पोटातल्या वासरासकट गेलीच म्हणायची.

मामा मात्र खुंट्याशेजारी निवांत बसलेले. "मीच सोडली पहाटं," म्हणाले.

मग ट्यूब पेटली... तो दगड.

आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता, डोंगराएवढा दगड पृथ्वीवर आदळणार म्हणून. रात्रीचा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे लगेच सुरू झाले. मामा, तो लघुग्रह आहे. भुईमुगाच्या शेंगेसारखा मधे बारीक, रंगाने कोळसा. स्वतःभोवती गरगरत सूर्याला चकरा मारतो, अधूनमधून आपल्या वाटेच्या जवळ येतो. आणि आत्ता जाणार तोही चंद्राच्या कितीतरी पलीकडून...

त्यांनी मान डोलावली होती. मला वाटलं, पटलं.

"अहो, काही होणार नाही म्हणून सांगितलं होतं ना?" माझा आवाज चढलाच.

"तुझं खरंच असंल बाई. पर एखांद्या टायमाला हिसाब चुकला तर? माणूस पळंल कुठं बी. बांधलेलं जनावर कुठं जाईल?"

तणतणत गाय शोधायला निघाले. लांब जावंच लागलं नाही... टँकरच्या हौदापाशी उभी होती, मला बघून हंबरली. माझा जीव भांड्यात पडला.

तिला परत बांधताना सहज विचारलं, "आणि तुम्ही का नाही पळालात?"

"मी कावून पळू? ती माघारी आली आन खुंट्यापाशी कुणीच नसलं तर?"

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

आज वर्गात फळ्यावर त्या लघुग्रहाची कक्षा काढत होते. लांबट वर्तुळ, एका बाजूला सूर्य... आणि खडू मधेच थांबला. आभाळ कोसळणार असं वाटत असताना माझा सासरा मोकळ्या दाव्यापाशी बसून राहिला, गायीची वाट बघत. त्या माणसाच्या घरात मी सून म्हणून आले... अजून काय पाहिजे.