निळ्या पानांची कार्डं

"थांब, वाळू दे." एवढंच काकू म्हणायच्या आणि उजवा पंजा असा वर धरायच्या, की माणूस उंबऱ्यातच थबकायचा. फुंकर मारलेली त्यांना चालत नसे. शाईच्या ओल्या फुलावर फुंकर मारणं म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवणं, असं त्यांचं म्हणणं. मी जन्माची घायकुती. मानपाड्याच्या कंपनीतून सुटले की भाजी, भाजीवरून घर. पण डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर काकूंचं दार उघडं दिसलं, की माझी पावलं आपोआप मंदावायची.

काकूंनी उभा जन्म ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका चिमुकल्या दुकानात रबरी शिक्के कोरले. 'खरी नक्कल', 'पोहोचले', 'रद्द'. काम सोडलं तेव्हा म्हणाल्या, लोकांचं खूप रद्द करून झालं, आता फुलं कोरते. जुन्या स्लिपरचा तळवा घ्यायचा, त्यावर कटरने सदाफुली कोरायची, पॅडवर टेकवून जाड कागदावर दाबायची. कुणाचा वाढदिवस असो की बारसं, दाराच्या कडीत कार्ड खोचलेलं असायचंच. फुलं लाल नाहीतर जांभळी, पानं मात्र निळी. हिरवी शाई का नाही, असं मी एकदा विचारलेलं.

"हिरवी साहेबांची. आपण कुठे सही करणार?"

शिक्का उलटा कोरला तरच सुलटा उमटतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. काकू त्यासाठी कुंडीतलं फूल आरशासमोर धरायच्या आणि आरशातलं बघून कोरायच्या. रविवारी दुपार कलली की मी भिंतीला टेकून बघत बसायचे. आरशात गुलबक्षी, आरशात काकूंचा चष्मा, आरशात हलणारा पडदा. आपण नक्की कुठल्या बाजूला बसलोय तेच कळेनासं व्हायचं. तिथेच मला डुलकी लागायची. तशी झोप मला माझ्या घरी कधी लागली नाही.

एक कार्ड मात्र घराबाहेर पडत नसे. कल्याणला काकूंची थोरली बहीण राहायची. तिच्या मुलीच्या लग्नात, भर मांडवात, काकू बोलून गेल्या की हा मुलगा काही मला धड दिसत नाही. तिथून दोघींचं बोलणं बंद. पुढे वर्षभरात भाची खरंच माहेरी परत आली आणि प्रकरण आणखी चिघळलं. "माझं खोटं ठरलं असतं तर ताईने कधीच माफ केलं असतं गं," काकू म्हणायच्या. दर वर्षी ताईच्या वाढदिवसाला कार्ड करायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या.

सातव्या वर्षी ताईंची पंच्याहत्तरी आली. हे कार्ड पाठवायचंच, असं काकूंनी ठरवलं. गुलबक्षीचा मोठा ठसा मारला आणि खाली 'ताई' असा मुद्दाम कोरलेला शिक्का दाबला. उचलला आणि बघतच राहिल्या. नाव उलटं उमटलेलं! जन्मभर उलटं कोरणाऱ्या बाईने हे एकच नाव सुलटं कोरलेलं. काकूंचा चेहरा उतरला. देवाच्याच मनात नाही म्हणाल्या आणि कार्ड फाडायला निघाल्या. मला खरंच राग आला. सात वर्षं नुसतं वाळवताय, असं तोंडावर बोलले, कार्ड हातातून ओढून घेतलं आणि रिक्षा करून कल्याण गाठलं.

ताईंनी दार उघडलं. कुणाकडून आले ते सांगितल्यावर कार्ड घेतलं, पण आत ये म्हटलं नाही. खालची ती अक्षरं त्यांना उमगेनात. मग त्या बेसिनपाशी गेल्या आणि कार्ड आरशासमोर धरलं. पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा मला आरशातच दिसला.

"ती अशी चुकत नाही," त्या म्हणाल्या. "हात कापत असणार तिचा."

आणि घरातल्या साडीवरच, पायात चपला सरकवून, त्या खाली थांबवलेल्या माझ्या रिक्षात येऊन बसल्या. डोंबिवलीला काकूंनी दार उघडलं आणि ताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, केस तरी विंचरून यायचंस, आणि रडायला लागल्या. मीही रडले, लपवायचं कशाला.

पुढची दोन वर्षं ताई दर गुरुवारी यायच्या. मग गेल्या मार्गशीर्षात काकू झोपेतच गेल्या. तेरावं झाल्यावर ताई घर आवरायला आल्यात असं कळलं, म्हणून मी चहा घेऊन गेले. आवराआवर कसली! खिडकीशी बसलेल्या, पुढ्यात शिक्क्यांचा डबा. एकेक शिक्का पॅडवर टेकवून जुन्या वर्तमानपत्रावर मारत होत्या. कोरांटी, तगर, कर्दळ, शेवग्याचा तुरा. बोटं जांभळी झालेली.

"ही कधीची?" त्यांनी कर्दळीवर बोट ठेवून विचारलं.

तुमचं बोलणं बंद होतं तेव्हाची, मी सांगितलं. त्यांनी शेवगा दाखवला. तोही तेव्हाचाच होता. कोरांटीसुद्धा.

"एवढं सगळं ती एकटीच बघत बसली," ताई म्हणाल्या आणि डब्यातून पुढचा शिक्का उचलला. वर्तमानपत्रात आता जागा उरली नव्हती. मी दुसरं उलगडून त्यांच्यापुढे पसरलं.