डोंगरावरचा मामा

प्रमोदिनीला कुणी ‘गप्प बस’ म्हटलेलं कधीच चाललं नाही, आणि आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावाला आल्यावर तर अख्खा देशच तिला गप्प बस म्हणत होता. नवरा राजीव तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती त्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला नोकरीची परवानगी नाही. नागपूरला ही बाई टाइल्सच्या कारखान्यात विक्री सांभाळायची. नुसता भाव विचारायला आलेला माणूस अख्ख्या बाथरूमची ऑर्डर देऊन बाहेर पडायचा, असा तिच्या तोंडाचा पट्टा. अशा बाईला घरात कोंडून डाळ शिजायची वाट बघत बसवणं हा शुद्ध अपव्यय होता, आणि ते ती राजीवला उठता-बसता ऐकवायची. तो बिचारा म्हणायचा, ‘‘अगं, कायदा मी नाही केला.’’ त्यावर ती म्हणायची, ‘‘मग मोड तरी.’’

शेजारी टोरिलबाई राहायच्या. मूळच्या नॉर्वेच्या, एका आयरिश खलाशाशी लग्न करून इथे आलेल्या, आणि आता एकट्या. १९९८ साली त्या नॉर्वेला बहिणीकडे कायमच्या परत निघाल्या. घर रिकामं करताना त्यांनी प्रमोदिनीच्या चार वर्षांच्या केतकीच्या हातात एक व्हिडिओ कॅसेट ठेवली. त्यांच्या देशातला बाहुल्यांचा जुना सिनेमा, लहानथोर सगळ्यांना पाठ असलेला. ‘‘भाषा आमची आहे, पण तुमचं अडणार नाही,’’ टोरिलबाई म्हणाल्या.

अडलं ते पाचव्याच मिनिटाला. डोंगराच्या टोकावर एक घर, घरात एक म्हातारा मिस्त्री, त्याच्याभोवती चाकं, पट्टे, नळ्या आणि कसलीकसली स्वतः जुळवलेली यंत्रं. म्हातारा काहीतरी बोलला आणि केतकीने विचारलं, ‘‘आई, काय म्हणतोय तो?’’

‘माहीत नाही’ हे उत्तर प्रमोदिनीने आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. तिने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाली, ‘‘तो म्हणते, कोनं नेला बे माह्या पाना? इथंच त ठेवला होता.’’

म्हातारा वऱ्हाडी बोलायला लागला तो तेव्हापासून. प्रमोदिनी स्वतः घरात चांगलं शुद्ध बोलायची, पण त्या म्हाताऱ्याच्या गालांवरच्या सुरकुत्या आणि कामाशिवाय दुसरं काही न सुचणारे हात बघून तिला दुसरी भाषा सुचेचना. गोष्ट पुढे सरकली तशी ती बोलत गेली. म्हातारा घरच्या घरी एक गाडी बनवतो. शहरातून एक बडा माणूस येतो, त्याची गाडी चकाचक. दोघांची शर्यत लागते. एवढं तर कुठल्याही देशातल्या माणसाला बघून कळलं असतं. पण मराठी माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. कोण कुणाचं कोण, हे कळल्याशिवाय आपल्याला गोष्ट गोडच लागत नाही.

तो बडा माणूस पहिल्यांदा डोंगरावर येतो तेव्हा म्हातारा हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहतो. परका माणूस इतका वेळ कुणाकडे बघत नाही. प्रमोदिनीने जागच्या जागी निकाल दिला: हा त्याचा भाचा. बहिणीचा मुलगा. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून हिंडला, मोठा झाल्यावर पुण्याला शिकायला गेला, आणि तिथून साजूक तुपातली भाषा आणि नाकावर माशी बसू न देणारा तोरा घेऊन परत आला. आता त्याला मामाची लाज वाटते. चार वर्षांच्या केतकीने हे ऐकलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. शर्यतीच्या शेवटी मामा भाच्याला जेवायला बोलावतो आणि भाचा न जेवताच जातो, असं प्रमोदिनीने सांगितलं तेव्हा पोरगी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, ‘‘पुन्हा लाव.’’

मग ते लागतच राहिलं. ड्रोहेडातल्या दोन-तीन मराठी डॉक्टरांची मुलं शनिवारी दुपारी येऊ लागली, नंतर डब्लिनहून संगणकवाल्यांची, आणि सुट्टीत तर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एनिसहूनसुद्धा. मुलं दिवाणखान्यात चिवडा सांडत बसायची आणि प्रमोदिनी टीव्हीच्या शेजारी उभी राहून सगळ्यांचे आवाज काढायची. एकदा राजीवने विचारलं, ‘‘या पोरांना कंटाळा कसा येत नाही?’’ तोच मग सोफ्याच्या हातावर टेकला आणि शर्यत संपेपर्यंत उठला नाही.

कारण तो सिनेमा होताच तसा. कुणीतरी एकेका बाहुलीचा हात केसभर हलवून फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवायचं तर त्यात कुणाचा तरी अख्खा दिवस गेला असणार. ते दिसायचं. म्हाताऱ्याच्या जाकिटाची वीण दिसायची, कापडाची शिवण दिसायची, गाडीच्या पत्र्यावर खरा डाग पडलेला दिसायचा. त्या वर्षांत संगणकावर केलेले गुळगुळीत सिनेमे दर सुट्टीत येत होते आणि जात होते, आणि मुलं ते पाहून विसरतही होती. हा मात्र विसरायची सोय नव्हती. शर्यत सुरू झाली की लहान लहान पोरं उभी राहून वळणावर वळणासारखी कलायची. चंद्रहास नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरची स्वरांगी घरी पाणीसुद्धा इंग्रजीत मागायची. तो तिला न्यायला आला तेव्हा ती टीव्हीसमोर नाचत ओरडत होती, ‘‘मामा, ब्रेक नको मारू न बे!’’ चंद्रहास दारातच थिजला.

‘‘वहिनी, ही मराठी बोलली,’’ तो म्हणाला. मग जरा सावरून, ‘‘पण खलनायक पुण्याचाच का?’’

‘‘इतका शिष्ट नागपूरचा कुठून आणू?’’ प्रमोदिनी म्हणाली.

तर असं हे काम प्रमोदिनीने स्वतःच स्वतःला दिलं. त्याला परवाना लागत नव्हता. दर दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांसाठी तो सिनेमा लागायचा आणि तिचा आवाज लागायचा. लोक तिला ‘सिनेमावाल्या काकू’ म्हणायचे आणि तिला ते आवडायचं, उगाच कशाला लपवा.

घोडं अडलं ते घरात. केतकी अकरा वर्षांची झाली आणि तिने मराठी बोलणं बंद केलं. भांडून नव्हे, हळूहळू, नळ बंद करावा तसं. आईने मराठीत विचारायचं, लेकीने ड्रोहेडाच्या इंग्रजीत उत्तर द्यायचं. जेवलीस का? ‘‘आय’म ग्रँड,’’ म्हणजे ठीक आहे, पुढे विचारू नकोस. शाळेत काय झालं? ‘‘नथिंग.’’ शनिवारी मुलं जमली की ती वरच्या खोलीत जाऊन बसायची, आणि आईचा वऱ्हाडी आवाज चढला की वरून ओरडायची, ‘‘मॅम! आय’म मॉर्टिफाइड!’’ म्हणजे आई, मेले मी लाजेने. राजीव म्हणायचा, वय आहे. प्रमोदिनीला ते पटायचं नाही. परक्यांची पोरं तिच्याकडे येऊन मराठी बोलून जात होती आणि तिची स्वतःची, जिच्यापायी हे सगळं सुरू झालं, ती गप्प होती. हे तिला इतकं लागायचं की ती त्याबद्दल बोलतही नसे, आणि तिच्या बाबतीत हे म्हणजे फारच झालं.

त्यातच २००५च्या दिवाळीआधी चंद्रहासचा फोन आला. त्याने त्या सिनेमाची डीव्हीडी मागवली होती. इंग्रजी आवाजाची.

‘‘वहिनी, चित्र काय क्लिअर आहे म्हणून सांगू! दोनदा पाहिला मी. मुलं झोपल्यावर एकट्याने पाहिला. आता कॅसेट नको, यंदा हीच लावू. मोठी मुलं कंटाळतात हो, त्यांना नीट कळायला हवं ना.’’

‘‘कळते त्यांना.’’

‘‘कळतं, पण चुकीचं कळतं.’’ चंद्रहास घुटमळला. ‘‘तो भाचा नाहीच आहे, वहिनी. त्या दोघांचं नातंबितं काही नाही.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘सिनेमानेच सांगितलं.’’

‘‘सिनेमाले काय समजते!’’ प्रमोदिनीने फोन आपटला.

पण मंडळाच्या कमिटीला समजत होतं. इंग्रजी डीव्हीडी लावायचं ठरलं. सगळ्यांनी फार गोड शब्दांत ठरवलं, वहिनींच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल पुष्पगुच्छ द्यायचंही ठरवलं. निरोपाचा पुष्पगुच्छ! प्रमोदिनीने राजीवला सांगितलं, ‘‘फुलं देऊन घरी बसवायला मी काही मेलेली नाही.’’ राजीवने तिचा चेहरा पाहिला आणि गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या केतकीला म्हणाला, ‘‘टुडे देअर विल बी ट्रबल.’’ केतकीने कानात गाणी घातली.

कार्यक्रम डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मागे बायका पुऱ्या लाटत होत्या, पुढे मुलं जमिनीवर बसली होती, आणि मोठी मुलंमुली भिंतीला टेकून आपण इथे नाहीच असं दाखवत होती. केतकीही त्यांच्यात. चंद्रहासने सिनेमा सुरू केला. पडद्यावर डोंगर आला, घर आलं, आणि म्हातारा अस्खलित इंग्रजी बोलायला लागला.

प्रमोदिनी एक वाक्य ऐकेपर्यंत बसली. मग उठली, साडी सावरत स्पीकरपाशी गेली आणि आवाजाचं बटण पार खाली फिरवलं.

‘‘वहिनी...’’ चंद्रहास म्हणाला.

‘‘हे मराठी मंडळ आहे न भाऊ? मग बसा.’’

आणि तिने सुरुवात केली. पुढची लहान पोरं खूश, भिंतीकडून ‘‘आह, नो’’ असे सुस्कारे, मागच्या बायका लाटणी हातात घेऊन पुढे आलेल्या. कुणी म्हणालं, काय हा हट्ट. होताच हट्ट. तिने ऐकलं आणि आवाज आणखी चढवला. पडद्यावर तो बडा माणूस गाडीतून उतरला, म्हातारा हातातलं काम थांबवून बघत राहिला, आणि प्रमोदिनी दरवर्षीसारखी म्हणाली, ‘‘काऊन रे भाचेबुवा, मामाले वळख देत नाही का?’’

‘‘आई, थांब!’’

भिंतीपासून केतकी पुढे आली होती. लाल झालेली.

‘‘खोटं आहे ते! तो भाचा नाहीये त्याचा. तो कोण्णी नाहीये! मी स्वरांगीकडे पाहिला खरा सिनेमा. तो शहरातला युअर मॅन फक्त श्रीमंत आहे आणि त्याला फक्त जिंकायचं आहे. तू सगळं मनाने सांगितलंस!’’

प्रमोदिनीला हे बोलणं जिव्हारी लागलं. कमिटीने पत्ता कापला त्याचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं, पण हे पोटची पोर चारचौघांत म्हणत होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

‘‘मी रडले होते त्याच्यासाठी,’’ केतकी म्हणाली. ‘‘तो जेवला नाही म्हणून. मी रात्री पण रडले. मला वाटायचं त्याला भूक लागली असेल. आणि तो भाचाच नव्हता!’’

जखम झोंबत होती, तरी प्रमोदिनीच्या कानाला काहीतरी वेगळं लागलं. ‘र’ जरा आयरिश होता, पण बाकी सगळं जागच्या जागी होतं. रडले, वाटायचं, असेल. पोरगी संतापलेली होती आणि संताप मराठीत येत होता, कारण हे दुःख तिला झालं तेच मुळी मराठीत. त्याचं इंग्रजी तिच्याजवळ नव्हतं.

चंद्रहास मध्ये पडायला पुढे सरकला. ‘‘जाऊ द्या वहिनी, लहान आहे...’’

‘‘तुम्ही गप्प बसा भाऊ,’’ प्रमोदिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली. एक ‘चुकलं बाळा’ म्हटलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं, पोरगी पुन्हा भिंतीला जाऊन टेकली असती आणि घरी जाताना गाडीत म्हणाली असती, आय’म ग्रँड. प्रमोदिनीने कंबरेवर हात ठेवले.

‘‘भाचाच आहे तो,’’ ती म्हणाली. ‘‘नाही म्हणतेस न? मग सिद्ध कर. मामा त्याच्याकडे असा पाहते काऊन, ते सांग.’’

‘‘तो मामा नाहीये!’’ केतकीने पाय आपटला. ती तरातरा पडद्यासमोर आली, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, आणि लाटणी धरलेल्या बायकांपासून चिवडा खाणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांसमोर, मराठीत, पहिल्यापासून सिद्ध करायला लागली.