चार नंबरचं दार

मी कर्जतला राहते. खालापूर-खोपोलीकडच्या लहानमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर, नेटवर्क सांभाळते. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच आणि ते सापडेपर्यंत मी जागची उठत नाही… अशा बाईचा असल्या गोष्टींवर कधी विश्वास बसेल? म्हणूनच जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

खालापूरजवळ एक कोल्ड स्टोरेज आहे — नाव सांगत नाही. तिथं प्रत्येक थंड खोलीच्या दाराला सेन्सर आहे. दार उघडलं, बंद झालं की सर्व्हरच्या लॉगमध्ये आपोआप नोंद पडते. एका दुपारी तिथल्या सुपरवायझर सावंतांचा फोन आला, "मॅडम, सर्व्हर लटकलाय. लवकर या."

जाऊन बघते तर लॉग तुडुंब! डिस्कवर जागाच उरली नव्हती. आणि नोंदी सगळ्या एकाच खोलीच्या… चार नंबरचं दार उघडलं, बंद झालं, उघडलं, बंद झालं…

मला हसूच आलं. चार नंबरचा सेन्सर बिघडला म्हणून मागच्या खेपेला मीच काढून नेला होता. आत्ता तो माझ्या बॅगेत होता!

जुन्या नोंदी परत येत असतील म्हणून लॉग साफ केला, सर्व्हर रीस्टार्ट केला. नोंदी पुन्हा सुरू, आणि वेळ त्याच क्षणाची. दुसऱ्या एखाद्या सेन्सरला चुकून चार नंबर दिला असेल म्हणून एकेक तपासला. तसंही नव्हतं. शेवटी चार नंबरची वायरच उपटली… तरी स्क्रीनवर नोंदी पडतायत!

"ती एंट्रीच बंद करून टाका ना," सावंत म्हणाले. "चारमध्ये माल नाय. उद्याच्या मालासाठी नुसती थंड करायला लावलीय. बाहेरून कडी हाय."

एका क्लिकचं काम होतं. पण कारण न शोधता नोंदी दडपायच्या? मला नाही जमत.

"मला ते दार बघायचंय."

"बंद दारात काय बघणार, मॅडम?"

"उघडा तरी!"

कडी खरंच लावलेली होती. सावंतांनी ती ओढली… आणि आत भिंतीला टेकून लताताई! तिथं साफसफाई करायच्या त्या. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

"लता! डोळे उघड गं!" सावंत ओरडले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बाहेर आणलं, मिळेल ते अंगावर पांघरलं आणि टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. त्या आत पुसायला गेल्या असताना कोणीतरी न बघताच कडी लावली होती. आतली धोक्याची घंटा बंद होती.

लताताई वाचल्या.

परत येऊन बघितलं तर लॉग शांत. पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही पाहिलं. कडी लागल्यापासून आम्ही जाईपर्यंत ते दार एकदाही हललेलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी महिनाभर डोकं खाजवलं, मीही खाजवलं. अजून उत्तर नाही.

लताताईंना घरी भेटायला गेले होते. चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "मला लई झोप येत होती, मॅडम. पण दार सारखं उघडायचं… उजेड तोंडावर यायचा नि मी जागी व्हायचे. एक सांगा, एवढ्या वेळा दार उघडलंत, मग तुमी आत का नाय आलात?"