उरलेल्या औषधाची शिसारी

"शी! हे कोण पिणार होतं?" बूच काढून बाटली हातभर लांब धरायची, एकदाच नाकाशी आणायची आणि तोंड वाकडं करून बाई हे विचारायच्या. बाई म्हणजे आमच्या शहापूरच्या दवाखान्यातल्या सुईणबाई. मुरबाडकडच्या, चाळिशीच्या, विधवा. मी तिथे कंपाउंडर होतो.

बाळंतपणासाठी एखाद्या गावात गेल्या, की बाळ-बाळंतिणीचं नीट झाल्यावर त्यांची नजर फळीकडे जायची. अशा फळ्या तुम्हीही पाहिल्या असतील. मेलेल्या सासऱ्याचं खोकल्याचं औषध, तळाशी तपकिरी गाळ, गाळात झुरळ. ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या. मलमाच्या डबीत केस. परत आल्या की हे सगळं मला ऐकवायच्या.

"असू दे गो बाय, कामाला येल," घरातली म्हातारी म्हणायची.

"कुणाच्या? तुझ्या की यमाच्या?"

मग विहिरीपासून लांब खड्डा खणायला लावायच्या. औषध त्यात ओतून वर चुना, राख, माती. कुणी ओहोळात ओतायला निघालं तर अंगावर धावून जायच्या. "खालच्या पाड्यावर तेच पाणी पितात. तुमी प्याल का?"

दवाखान्यातलं खराब झालेलं औषध टाकण्याचं काम माझं होतं. ते मी कसं करायचो हे सांगायची आजही लाज वाटते. मागच्या दारातून बाटल्या कुंपणालगतच्या उकिरड्यावर फेकायच्या, झालं. बाई बाहेरगावी असल्या की बिनधास्त. तिथे आंबट वासाचा चिकट थर साचला होता. वर माशा घोंगावत असायच्या.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. बाटल्या मिळत नव्हत्या, आणि औषधासाठी रोग्याने बाटली घरूनच आणायची अशी रीत. तानसा तलावाकडच्या पाड्यावरची एक बाई चार वर्षांच्या तापलेल्या मुलीला काखेत घेऊन आली. बाटली नव्हती. "आधी बाटली आण," मी खेकसलो. ती बाहेर गेली आणि थोड्या वेळाने एक घेऊन आली. पदराने पुसलेली. मी आत न बघता औषध भरलं. पायरीवरच तिने मुलीला पहिला घोट पाजला.

मुलगी किंचाळली. सुईणबाई धावत आल्या, त्यांनी बाटली हुंगली. "कार्बोलिक!" बाटली माझ्या उकिरड्यावरची होती. फरशी धुण्याचं औषध तिच्या तळाशी तसंच उरलं होतं.

डॉक्टर येईपर्यंत बाई मुलीचं तोंड धूत राहिल्या. ओठ पांढरे पडले होते, जिभेवर चट्टे उठले होते. "माज्याच हातानं पाजलं," आई सारखी म्हणत होती. हात तिचा होता, पण पाप कुणाचं ते मला कळत होतं. तीन दिवसांनी मुलीने पेज गिळली, तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले, वाचली.

बाई माझ्याशी भांडल्या नाहीत. सडक्या मलमाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुदळ पुढे केली. "खणा."

दोन दिवस मी तो उकिरडा उपसत होतो. वास नखांत बसला. घास तोंडाशी नेला की तोच वास यायचा, आणि किळस घाणीची येतेय की स्वतःची, ते समजायचं नाही. बाई शेजारी बसून एकेक बाटली तपासत होत्या. शेवटी मला भडभडून ओकारी झाली.

"ओका," त्या म्हणाल्या. "मलापण व्हायची. माझ्या मालकांना चोळायचं औषध मीच पाजलं होतं. फळीवर दोन सारख्या बाटल्या होत्या. त्यातच ते गेले."

बाईंनी पुढची बाटली उचलली.

युद्ध संपलं त्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या आणि मुरबाडला भावाकडे गेल्या. मी औषध बनवून भेटायला गेलो. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा बाटलीत तीन डोस शिल्लक होते.

"हे टाकून या," त्या म्हणाल्या.

"अहो, अजून घ्यायचंय."

"आता उपेग नाय. मी गेल्यावर भावजय जपून ठेवील. पोरं हायत घरात."

मी परसात जाऊन खड्डा खणला. ताजं औषध होतं, बडीशेपेच्या वासाचं. ते ओतलं आणि वर चुना, राख, माती टाकली.

परत आलो तर बाईंना झोप लागली होती. भावजय वारा घालत होती. उठवू नका, असं खुणेनेच सांगून मी निघालो. दोन दिवसांनी शहापूरला निरोप आला.