खोट आधी सांगणारे बडेबाबू

घर विकणारा माणूस घराची तारीफ करतो. आमचे बडेबाबू आधी खोट सांगायचे. पार्टीने दारात चप्पल काढली न काढली तोच म्हणायचे, "पाहा साहेब, पश्चिमेचं तोंड आहे. एप्रिलमधी चार वाजता या हॉलमधी पापड भाजून घ्या. चालत असंल तं आत या, नाई तं चहा पिऊन निघू." पार्टी चाट पडायची, आत यायची आणि बहुतेक वेळा सौदा करूनच जायची. 'मानूस सच्चा आहे,' असं निम्मं अकोला म्हणायचं. मीही म्हणायचे. माझ्याइतकं तर कुणीच म्हटलं नसेल.

बडेबाबू म्हणजे अमरावतीच्या आमच्या सरकारी ऑफिसातले हेडक्लार्क. मी तिथे नवीनच क्लार्क म्हणून लागलेली. दोघंही अकोल्याच्या जुन्या शहरातले, म्हणून रोजचं अपडाऊन सोबत. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो. घरं दाखवणं हा त्यांचा संध्याकाळचा आणि रविवारचा धंदा. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून कार्डावर नाव बायकोचं. त्या माउलीने जन्मात कुणाला एक खोलीसुद्धा दाखवली नव्हती.

त्यांच्याजवळ दोन मोबाईल असत. एक टेबलावर, दुसरा ड्रॉवरमध्ये, बंद. राजापेठेतला एक ठेकेदार एकदा भर दुपारी फ्लॅटचं विचारायला ऑफिसात आला, तर त्याला त्यांनी उभंच ठेवलं. "सरकारचं मीठ खातो बापा. सहा वाजल्यानंतर बोल." ऑफिस सुटलं की जिन्यातच दुसरा मोबाईल सुरू व्हायचा आणि दिवसभर खर्डेघाशी करून मरगळलेला हा माणूस असा काही खुलायचा की बघत राहावं! गाडीत अख्खा डबा त्यांच्या सौद्यात सामील व्हायचा. कोणी म्हणायचं तिसरा मजला नको, कोणी म्हणायचं दक्षिणेचं दार नको, आणि बडेबाबू मधोमध बसून सगळ्यांना हो-हो करत.

मला त्यांनी या धंद्यात ओढलं ते सरळ सांगून. "घर नवरा पाहाते, पन घेते बायको. मी बुढा मानूस तिच्या सैपाकघरात कुठं घुसू? तू चाल." मी तीन वर्षं रविवारी त्यांच्यासोबत फिरले. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे. बाईला स्वयंपाकाचा ओटा दाखवायचा, पिठाचा डबा कुठे मावेल ते सांगायचं. भिंतीला तळहात लावून ओल कशी ओळखायची, हे त्यांनीच शिकवलं. "ओल डोयाले दिसत नाई पोरी, हाताले कळते." मोबदल्याचं मी कधी विचारलं नाही, कारण माझा मोबदला ठरलेला होता. आईचं घर.

माझी आई जुन्या शहरात डबे करून द्यायची. वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून आम्ही सात घरं बदलली. एका घरमालकाला फोडणीचा ठसका सहन होत नव्हता, एकाला डबे न्यायला येणारी पोरं नको होती, एकीला तर आमच्या कपड्यांची दोरीच खुपायची. आईने सात घरांत एकही खिळा ठोकला नाही. वडिलांचा फोटो ती पेटीवर उभा करून ठेवायची. मी म्हणायचे, लाव ना भिंतीला. तर म्हणायची, "भिंत आपली नाई न बाई."

बडेबाबू पहिल्यांदा आमच्याकडे जेवले तेव्हा वांग्याच्या भाजीवर तर्री ओढता ओढता म्हणाले, "वयनी, तुमचं घर मी पाहीन. अन् दलाली घेनार नाई, ह्या अन्नाची शपथ." आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवसापासून ते तिचे 'भाऊ' झाले. दर रविवारी त्यांच्यासाठी वेगळा डबा निघायचा, त्यात भाकरी, ठेचा आणि एखादा गोडाचा घास. त्यांना मुगाचे लाडू आवडतात हे मला माहीत नव्हतं, तिला होतं.

गंमत म्हणजे लोकांना घरं देणारे बडेबाबू स्वतः किरायाने राहत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी चिडवलं की हसायचे, "हलवाई मिठाई खात नाई." मला तो विनोद वाटायचा.

मग ते घर आलं. नदीच्या अलीकडे, एका शांत कॉलनीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणात सीताफळ आणि दाराशी लांबलचक ओटा. घर एका रिटायर शिक्षिकाबाईंचं होतं. त्या मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या. किंमत माझ्या पगारावरच्या कर्जात बसणारी. मी आईला घेऊन गेले. तिने खोल्या जेमतेम पाहिल्या आणि ओट्यावर जी बसली ती उठेचना. बाईंनी चहा आणला. दोघी दुपारभर बोलत बसल्या, लोणच्यावर, सुनांवर, गुडघ्यांवर. निघताना बाई म्हणाल्या, "मी तुम्हालाच देईन. दोन पैसे कमी आले तरी चालेल, पण घर बसत्या माणसाच्या हाती जावं." आईने रस्त्यात माझा हात धरला होता. मी लहान असताना ती माझा धरायची, तसा.

चौथ्या दिवशी गाडीत बडेबाबू माझ्या शेजारी येऊन बसले. मूर्तिजापूर गेलं तसे म्हणाले, "पोरी, त्या घराची खोट आहे. बाईच्या नवऱ्याचा पुतन्या आहे, त्याचाबी घरात हिस्सा, अन् त्याची सही नाई. उद्या तो कोर्टात जाईन. तुह्या मायच्या वयात कोर्ट झेपत नाई. सोड ते घर." मी काही विचारलं नाही. कागद मागितले नाहीत. बाईंना फोनसुद्धा केला नाही, उलट अवघड वाटलं म्हणून टाळलं. तीन वर्षं ज्याच्या तोंडून प्रत्येक घराची खोट ऐकली, त्याच्यावर संशय कसा घेणार? आईला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. "भाऊ म्हनतात तं असंल," एवढंच म्हणाली.

सहा महिन्यांनी बडेबाबूंनी माझ्या टेबलावर कार्ड ठेवलं. वास्तुशांतीचं, कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेलं. "वयनीले घेऊन येजो," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मी पत्ता वाचला. पुन्हा वाचला. शिक्षिकाबाईंचंच घर होतं ते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "पुतण्याचं काय झालं?"

चष्मा पुसत म्हणाले, "होता न पुतन्या. सही करून गेला."

"कधी?"

"त्याच हप्त्यात."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी चष्मा लावला. "सांगितलं असतं तं तू घेतलं असतं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "अठ्ठावन्नाला टेकलो, पोरी. जिनगानी किरायात गेली. लोकाईले घरं देऊ देऊ हात दुखले. मलेबी लोभ सुटला. मी काय देव आहे?"

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लोभाची मला चीड आली नाही, तो कुणालाही सुटतो. पण ज्या गुणावर आम्ही जीव टाकला तोच त्यांनी आमच्यावर चालवला. आणि निम्मं अकोला ज्यावर भाळलं होतं, ती त्यांची खोट सांगायची रीत तरी पहिल्यापासून खरी होती का? की लहान खोट सांगायची म्हणजे मोठी कोणी विचारत नाही? तीन वर्षांतल्या एकेका घरात मी मनाने परत जाऊन आले. ज्या बायकांना मी पिठाच्या डब्याची जागा दाखवली होती, त्यांना काय काय दाखवलं नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

आईला सांगायला दोन दिवस लागले. ती रागावली नाही, याचाच मला जास्त राग आला. "त्यानं मले तोंडानं मांगितलं असतं," ती म्हणाली, "तं मी हासत देलं असतं." रविवारचा डबा मात्र त्या दिवसापासून बंद झाला. बडेबाबू रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांच्या सच्चेपणावर भाषणं ठोकली. मी रजा टाकली होती.

आई पुढच्या वैशाखात गेली. छातीत दुखतंय म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या सकाळी संपलं. घरमालकांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं, अंगणात मांडव पडलेला. घरमालकीण फोनवर रडलीच. "बाई, मांडवाखाली कसं आनता वं?" तिचं काही चुकलं नव्हतं. मामा विचारत होता, "मग न्यायचं कुठं?"

तेवढ्यात बडेबाबू आले. कुणी कळवलं कोण जाणे. खूप वाळले होते. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "माह्या घरी आना वयनीले. ओट्यावर ठेवू. आंघोळ घालू, लोकं येतीन, पाहातीन. मानसासारखं जाऊ दे तिले."

मी म्हटलं, "नको. सरळ घाटावर न्या."

तसंच झालं. घाटावरच्या टाक्याच्या पाण्याने तिची आंघोळ झाली, बायका उन्हात उभ्या राहिल्या, आणि ती कुठल्याच दारातून निघाली नाही. बडेबाबूंनी खांदा दिला, शेवटपर्यंत थांबले. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तो नकार माझा होता, आईचा नव्हता. तिला विचारता आलं असतं तर ती 'चाल न बाई' म्हणाली असती, हे मला त्याच क्षणी कळत होतं. त्या ओट्यावर तिला आणखी एक तास मिळाला असता. तो मी मिळू दिला नाही, आणि याचंही खापर मला अजून त्यांच्याच डोक्यावर फोडावंसं वाटतं.